साखर कुठे आहे?

तनयने स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून भार्गवीच्या कानांवर चढवला आणि चित्रपटाचं शेवटचं दृश्य पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"डोळे मीट. चित्र बघू नकोस, नुसतं ऐक."

भार्गवीने डोळे मिटले. आधी डब्यांची झाकणं उघडल्या-लागल्याचे आवाज आले, मग चहाचं आधण उकळल्याचा. मग नवऱ्याचं काम करणाऱ्या त्रिविक्रमचा तो अर्धा वैतागलेला, अर्धा बिचारा सूर: "अगं, साखर कुठे आहे?" आणि त्यानंतर शांतता. ह्या शांततेसाठी भार्गवी गेले कित्येक महिने निर्मात्याशी भांडत होती. पण आज त्या शांततेच्या तळाशी काहीतरी होतं. थप, थप, थप. क्षणभर काही नाही. पुन्हा थप, थप, आणि मधूनच काचेची बारीक किणकिण.

"मला आधी वाटलं, कुणीतरी टाळ्या वाजवतंय," तनय म्हणाला. "मग वाटलं शेजारी धुणं चाललंय. तुला काय वाटतं?"

भार्गवीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. भाकरी पसरत जाते तसा तिचा आवाज बदलतो, आधी जड असतो आणि मग पातळ होत जातो, हे पुण्याच्या पोळी खाणाऱ्या तनयला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. भार्गवी मात्र ह्या आवाजाने सकाळी जागी होत मोठी झाली होती.

"भाकरी आहे," ती म्हणाली. "आई थापतेय."

चित्रपटाचं नाव होतं 'अक्का निवृत्त झाल्या'. गोष्ट एवढीशी. बंगळुराच्या पीण्या ह्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला गृहस्थ शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतो. बायको ती शाल त्याच्या खांद्यावरून उतरवते, स्वतःच्या खांद्यावर घेते आणि सांगते की आजपासून तीही निवृत्त. सांगून गप्प बसत नाही, रीतसर समारंभ ठेवते. गल्लीतल्या बायका भाषणं करतात. नवऱ्याला 'दोन शब्द' बोलायला उभं करतात, तेव्हा बायकोबद्दलचे दोन शब्द त्याला काही केल्या आठवत नाहीत, म्हणून तो बापडा कारखान्याबद्दलच बोलून खाली बसतो. मग बाई स्वयंपाकघराचा चार्ज देते. कुठला डबा कुठे असतो, कुठल्या शेगडीचं बटण घट्ट आहे, दूध उतू जायच्या आधी कसं दिसतं. नवरा क्रिकेटची मॅच बघत "हो, हो" म्हणत राहतो. शेवटी एका दुपारी तो चहा करायला उभा राहतो, साखर सापडत नाही आणि तो विचारतो. ती शेजारीच खुर्चीत बसलेली आहे. ती सांगत नाही. चार्ज दिलेला आहे. इथे चित्रपट संपतो.

लिहायला बसली त्याच दिवशी भार्गवीने एक गोष्ट ठरवून टाकली होती. लोकांनी पोट धरधरून हसावं, पण ह्या बाईवर कुणी हसता कामा नये. विनोदी चित्रपटातल्या बायका तिने खूप पाहिल्या होत्या. एक तर त्या लाटणं घेऊन मागे लागणाऱ्या असायच्या, नाहीतर वेंधळ्या, आणि शेवटी सगळं विसरून डोळे पुसत पानं वाढायच्या. हिने पानं वाढायची नव्हती. अश्लेषा, जी अक्कांचं काम करत होती, तिला भार्गवीने पूर्ण चित्रीकरणात एकच सूचना दिली होती: "तू विनोद करत नाहीयेस, तू खरंच निवृत्त होतेयस." अश्लेषाने ती तंतोतंत पाळली आणि म्हणूनच सगळं धमाल झालं होतं.

चित्रीकरण भार्गवीच्या आई-अण्णांच्या बंगळुरातल्याच, बसवनगुडीच्या घरात झालं. दुसरी जागा परवडली नसती. स्वयंपाकघर कॅमेऱ्याने बळकावलं, तेव्हा आईची शेगडी मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी गेली. बाहेरचं जेवण मागवायचं ठरत होतं, पण आईनेच मोडता घातला. मूळची ती निपाणीकडची. "हॉटेलचं खाऊन पोरं आजारी पडली म्हणजे? मी करते की," म्हणाली. सगळं युनिट रोज ज्वारीची भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन तिला 'अक्का, अक्का' करत होतं. भार्गवीलाही ते छान वाटलं होतं. घरचं काम, घरचं जेवण.

शेवटचं दृश्य घ्यायच्या आधी तनयने घर शांत करून घेतलं होतं. पंखे बंद केले, फ्रिज बंद केला, शेजारच्या बाईंना मिक्सर थोडा वेळ लावू नका म्हणून सांगितलं, पत्र्यावरची कबुतरं हाकलली. तेवढ्यात आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचे.

"मी पण थांबू काय गं?"

आणि भार्गवी, मॉनिटरवरची नजर न हलवता, म्हणाली होती, "नको आई, तू चालू ठेव. लोकांना जेवायला उशीर होईल. तुझा कुठं आवाज येतोय?"

हे वाक्य तिला आता जसंच्या तसं आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

"टेन्शन नको घेऊस," तिचा चेहरा बघून तनय म्हणाला. "त्या दिवशी जेवणानंतर मी त्याच खोलीची रिकामी शांतता रेकॉर्ड करून ठेवलीय. ती लावतो इथे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

दार ढकलून श्रीरंग आत आला, हातात कॉफी. श्रीरंग निर्माता. नोकरीसाठी पुण्याहून बंगळुरात आला, आयटीत बरीच वर्षं काढली आणि मग मराठी चित्रपटाच्या प्रेमापोटी ह्यात पडला. माणूस चांगला होता आणि तीच अडचण होती. वाईट असता तर भार्गवीला भांडायला सोपं गेलं असतं.

"शेवट चाललाय का? मला पण ऐकव."

तनयने एकदा भार्गवीकडे बघितलं आणि आवाज स्पीकरवर टाकला. साखर कुठे आहे? शांतता. थप, थप, थप.

श्रीरंगची कॉफी ओठांपाशी थांबली. "भाकरी? अरे, ब्रिलियंट! कुणाची आयडिया?"

"आयडिया नाही," भार्गवी म्हणाली. "चुकून आलंय."

"येऊ दे ना चुकून. माझा प्रॉब्लेम काय होता, सांग. ती उठत नाही, मग लोक घरी जाताना त्या म्हाताऱ्याची काळजी करत जाणार. आता मागे भाकऱ्या होतायत. म्हणजे घर चाललंय, कुणीतरी बघतंय. ऑडियन्स रिलॅक्स. आणि तुझी बाई पण उठली नाही. दोघंही खूश!"

"कोण थापतंय मग?"

"म्हणजे?"

"त्या घरात दोघंच राहतात. भाकरी कोण थापतंय?"

"अगं, असेल कुणीतरी. कामवाली असेल, सून असेल. लोक एवढा विचार नाही करत."

तो आवाज ठेवला, तर एक बाई खुर्चीत बसू शकते, पण मागच्या दारी दुसरी उभी असेल तरच, एवढंच तिचा चित्रपट म्हणणार होता. आणि काढला, तर मागच्या दारी खरोखर उभी असलेली बाई पुसली जाणार होती. पुसणारी ती स्वतः. कुठूनही गेलं तरी वाट आईच्या अंगावरूनच जात होती. भार्गवीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

"काढ, तनय," ती म्हणाली.

"नक्की?"

"काढ."

तनयने दोन बटणं दाबली. पडद्यावर अश्लेषा तशीच बसून होती. तिच्याभोवती आता स्वच्छ, कोरी शांतता होती.

श्रीरंगने खांदे उडवले. "ठीक आहे, फिल्म तुझी. पण मग तो दुसरा शॉट आहे आपल्याकडे, विसरू नकोस."

भार्गवी कशी विसरेल? श्रीरंगच्या हट्टापायी त्याच दुपारी आणखी एक शेवट घेऊन ठेवला होता. त्यात अश्लेषा हसून कपाळाला हात लावते, उठते आणि साखरेचा डबा काढून त्याच्या हातात देते. तिने ते इतकं गोड केलं होतं की युनिटने टाळ्या वाजवल्या होत्या. भार्गवीने तो तुकडा पुन्हा कधी लावून बघितला नव्हता.

"रविवारी प्रीव्ह्यूला तुझा शेवट दाखवू," श्रीरंग म्हणाला. "ती शांतता लोकांनी गप्प बसून घेतली, तर मी परत एक शब्द बोलणार नाही. पण मध्येच कुणी चुळबुळ केली, हसलं, शांतता तुटली, तर ती उठून डबा देणार. फेअर?"

"फेअर."

भार्गवीने एका क्षणात होकार दिला, कारण त्या जागी कुणी हसणार नाही, ह्याची तिला खात्री होती.

संध्याकाळी ती बसवनगुडीला गेली. अण्णा टीव्हीसमोर बसले होते. भार्गवी चप्पल काढत होती तोवर त्यांनी आत आवाज दिला, "अगं, माझा चष्मा कुठंय?"

"टीव्हीच्या मागं, पेपरखाली," आतून आई म्हणाली.

अण्णांनी हात घातला, चष्मा तिथेच होता. चित्रपटातला नवरा त्यांच्यासारखाच पीण्याच्या कारखान्यातून निवृत्त होतो, एवढ्यावरच अण्णा खूश होते. पीण्यातल्या सगळ्या जुन्या मित्रांना त्यांनी 'माझ्यावर पिक्चर काढलाय लेकीनं' असं सांगून ठेवलं होतं.

आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. भार्गवी शेजारी उभी राहिली, तिनेही दोन काड्या उगीच निवडल्या.

"आई, त्या शेवटच्या सीनमध्ये तुझा आवाज आलाय. भाकरी थापतानाचा."

आईचा हात थांबला. "अय्यो! मग? खराब झालं काय सगळं?"

"नाही. काढून टाकला."

"पूर्ण गेला?"

"पूर्ण."

"बरं केलंस बाई." आईच्या चेहऱ्यावरची काळजी खरोखर उतरली. "एवढ्या लोकांची मेहनत. माझ्यामुळं स्वल्पसुद्धा बिघडायला नको. मी विचारलं होतं बघ तुला, थांबू काय म्हणून."

"हो. विचारलं होतंस."

आईने चिडावं, एकदा तरी फणकारावं, असं भार्गवीला फार वाटलं. पण आई मेथीची जुडी सोडून पिठाचा डबा उघडायला लागली होती.

"रविवारी माझ्या शेजारी बसायचं," भार्गवी म्हणाली. "नुसतं बसायचं. काही करून आणायचं नाही."

"सरी, सरी. बरं."

"खरंच काही नाही."

"नाही म्हटलं की. चिवडा तेवढा करते. लोक येणार, चहाबरोबर काही नको?"

रविवारी सकाळी आई आली ती जरीकाठाची साडी नेसून आणि स्टीलचा मोठा डबा घेऊन. डबा तिने पायांपाशी ठेवला आणि दोन्ही पावलांनी धरून ठेवला. हॉल लहानच होता, पण भरला. मराठी मंडळातली जुनी बंगळुरी कुटुंबं होती, आयटीतली नवी पोरं होती, मागच्या रांगेत अण्णा आणि पीण्याचे त्यांचे दोस्त. श्रीरंग सगळ्यांत पुढे, अगदी कडेच्या खुर्चीवर. दिवे गेले.

लोक हसायला लागले, ते जिथे हसायचं तिथेच. शाल नवऱ्याच्या खांद्यावरून उतरली तेव्हा एक हलकी लाट आली. 'दोन शब्दां'ना तर हॉल कोसळला. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि तिने मान वळवून मागे अण्णांकडे बघितलं. अण्णा मित्राच्या मांडीवर थापा मारत होते. आपल्यावरच हसतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. चार्जच्या प्रसंगात बायका इतक्या हसल्या की पुढचं वाक्य ऐकू आलं नाही. आणि एकदाही, एका जागीही, कुणी अक्कांवर हसलं नाही. भार्गवी खुर्चीच्या कडेला बसून अंधारात कान देऊन होती. जमलं होतं. तिला हवं होतं ते अगदी तसंच जमलं होतं. कितीतरी दिवसांनी तिने पाठ टेकली.

शेवटचं दृश्य आलं. आईचं स्वयंपाकघर अख्ख्या पडद्यावर पसरलं.

"किती मोठं दिसतंय गं," आई कुजबुजली आणि सावरून बसली.

त्रिविक्रमने गॅसवर आधण ठेवलं. एक डबा उघडला, त्यात डाळ. दुसरा उघडला, त्यात रवा. वरच्या फळीवर हात घातला, तिथे पापड. तो वळला.

"अगं, साखर कुठे आहे?"

अश्लेषाने त्याच्याकडे बघितलं नाही. हात मांडीवर, नजर समोर. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही, कुणी खुर्चीत हललं नाही. इतकी माणसं त्या बाईबरोबर गप्प बसून राहिली होती. पुढे श्रीरंगची मान ताठ होती. तनयने लावलेली ती स्वच्छ शांतता वाढत गेली, आणि आपण जिंकलो, असं भार्गवीच्या मनात आलं.

"खालच्या फळीवर. हिरव्या झाकणाचा."

आई मोठ्याने बोलली नव्हती. घरात बोलते तेवढ्याच आवाजात, पडद्याकडे बघत, सहज. पण हॉलमध्ये दुसरा आवाजच नव्हता. भार्गवीने स्वतः तो काढायला लावला होता. आईचे शब्द पहिल्या रांगेपर्यंत गेले.

आधी शेजारची मुलगी फिस्सकन हसली. मग तिची रांग, मग मागची, आणि मग सगळा हॉल. त्या दिवसातलं सगळ्यांत मोठं हसू. त्यात वाकडं काही नव्हतं, लोक अगदी प्रेमाने हसत होते.

"अक्का, त्याला कशाला सांगता? शोधू दे की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हसू पुन्हा उसळलं.

"आमची ही!" अण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर आला. "आमच्या हिचंच स्वयंपाकघर आहे ते!"

माना वळायला लागल्या. अंधारात जो तो आई कुठली ते शोधत होता, एकमेकांना दाखवत होता. श्रीरंगही वळला. हसून हसून त्याचे डोळे ओले झाले होते. त्याने भार्गवीकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी, हवेतल्या हवेत, एक डबा उचलून कुणाला तरी दिल्यासारखं केलं.

भार्गवीने होकारार्थी मान हलवली. कबूल केलं होतं.

बाईवर कुणी हसता कामा नये, एवढं एकच तिने ठरवलं होतं. पडद्यावरच्या बाईवर खरंच कुणी हसलं नव्हतं.

आईने पदर तोंडाला लावला होता. डोळे हसत होते की घाबरले होते, ते अंधारात कळत नव्हतं. ती भार्गवीच्या कानाशी वाकली.

"माझं चुकलं काय गं?"

"नाही."

"तिथंच असतो तो. बिचारा उगीच वर बघत होता."

"हो आई."

भार्गवीने आईचा हात हातात घेतला. तो चिवड्याच्या तेलाने किंचित चिकट होता. आई पायांनी डबा चाचपत होती, आता लोक उठतील, चहा येईल, म्हणून. हसणं अजून थांबलं नव्हतं. पडद्यावर अश्लेषा तशीच बसून होती, काही न बोलता, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.